काट्यावर या, मिस्टर क्वेड

"काट्यावर या, मिस्टर क्वेड," नोएलीन म्हणाली.

एरवी ती त्याला डार्सी म्हणायची, आणि रागावली की त्याहून बरंच वाईट काहीतरी. पण शर्यतीच्या शनिवारी, वजनखोलीच्या दाराच्या आत, तो मिस्टर क्वेड आणि ती मॅडम. करविलाच्या रेसकोर्सवर हा नियम तिनेच घातला होता आणि सव्वीस वर्षांत तो कुणी मोडला नव्हता.

डार्सी खोगीर छातीशी धरून फळीवर चढला. समोरच्या परातीएवढ्या तबकडीवरचा काटा डुलला, थरथरला आणि थांबला.

"चौपन्न पूर्णांक दोन. घोड्याला साडेछप्पन्न आहेत. शिसं घ्या."

"किती घेऊ?"

"दोन किलो तीनशे. शाळेत वजाबाकी शिकवली नव्हती का?"

"शिकवली होती, मॅडम. पण माझी आजवर बेरीजच होत आली ना."

रांगेतले जॉकी हसले. "अरे, हा बघा काडीपैलवान!" मागून कुणीतरी ओरडलं. "डार्सी, गुपित सांग की आम्हालाही. पन्नाशीला आलास नि पोरीसारखी कंबर करून बसलास." डार्सीने ओट्यावरच्या पेटीतून शिशाच्या पट्ट्या उचलल्या, खोगिराखालच्या कप्प्यांत सरकवल्या आणि पुन्हा काट्यावर चढला. साडेछप्पन्न. नोएलीनने मान हलवली, तो बाहेर गेला.

घोड्याने पाठीवर किती ओझं न्यायचं हे आधी ठरलेलं असतं. स्वार हलका पडला तर शिशाने भर करायची. जड पडला तर निमूट घरी जायचं. डार्सी क्वेड एकतीस वर्षं बहुतेक जडच पडत आला होता. मुळात अंगाने थोराड माणूस, बापाच्या हट्टापायी घोड्यावर बसला आणि मग त्याला दुसरं काही येईना. पोटाला चिमटा काढणं म्हणजे काय ते कुणी त्याला विचारावं. शर्यतीच्या आदल्या दिवशी कढत पाण्याच्या टबात तासभर बसायचं, भर उन्हात प्लॅस्टिकचा सूट घालून धावायचं, सकाळी अर्धा पाव आणि काळी कॉफी, आणि इतकं करून काटा एकोणसाठच्या खाली यायला तयार नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याला येत ते जास्त ओझ्याचे घोडे, म्हणजे गावातले दोन-चारच, आणि तेही दुसऱ्या कुणाला नको असलेले.

आणि आता सप्टेंबरपासून, काही न करता, त्याचं वजन आपोआप उतरत चाललं होतं. तो सॉसेज रोल खायचा, वर लाल सॉसची बाटली उपडी करायचा, आणि तरी काटा खाली. हलक्या ओझ्याचे घोडे त्याला विचारायला लागले. करविलाकडे ऋतू उलटे, उन्हाळा डिसेंबरात येतो. त्या उन्हाळ्यात त्याने सात शर्यती मारल्या. त्याआधीच्या चार वर्षांत मिळून पाच मारल्या होत्या. पबमध्ये लोक त्याच्या पाठीवर थापा मारत. करविलात जॉकीचं वजन उतरणं म्हणजे देव पावणं. सगळ्यांत आधी अभिनंदन केलं होतं ते नोएलीननेच, हे तिला नंतर फार खुपायचं.

नोएलीन ट्रेगेन बासष्ट वर्षांची. लग्न केलं नव्हतं. तिचं लग्न काट्याशी लागलंय, असं गाव म्हणायचं, आणि तिच्या तोंडावरही म्हणायचं. आठवडाभर ती घोड्यांच्या दाण्या-चाऱ्याच्या दुकानात काम करी. रविवारी दुपारी डार्सी तिच्या व्हरांड्यात चहाला येई. वीस वर्षांचा रिवाज. तो बिनसाखरेचा कोरा चहा घेई आणि ती त्याच्या देखत केक खाई. "पाप लागेल तुला," तो म्हणायचा. "लागू दे, चविष्ट आहे," ती म्हणायची. या ऑक्टोबरात पहिल्यांदा त्याने केकचा तुकडा मागितला, दोन खाल्ले, आणि दोघंही वेड्यासारखी हसली होती. फेब्रुवारीपासून मात्र तो तुकडा ताटलीतच ठेवायचा आणि चहाऐवजी पाणी मागायचा. एक जग संपला की दुसरा.

त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी ती ओट्सची पोती घेऊन विन्स डूलीच्या तबेल्यावर गेली. विन्स घोडे तयार करायचा. डार्सी राहायचाही त्याच्याच आवारात, तबेल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत. पोहोचली तर घोड्यांची डॉक्टर हेलेन मॅकनॉट डचेस नावाच्या घोडीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून उभी.

"किती उतरलंय म्हणालास?" हेलेनने विचारलं.

"वीस किलो," विन्स म्हणाला. "तीन आठवड्यांत. दाणा सगळा फस्त करते गं, पण अंगी काही लागत नाही."

"आणि तीन आठवडे तू काय करत होतास? झोपला होतास?"

"मला वाटलं, उन्हाळा आहे..."

"उन्हाळा दर वर्षी असतो, विन्स. खाऊनपिऊन जनावर वाळतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. दात बघायचे, जंत बघायचे, आतड्यात व्रण, यकृत, मूत्रपिंड. नाहीतर कुठे गाठ. रक्त घेते आज, शेण उद्या मला आणून दे. आणि यापुढे पाच किलो जरी उतरलं ना, तरी फोन करायचा. अर्ध्या रात्री केलास तरी चालेल."

विन्सने शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

अंगणाच्या पलीकडे डार्सी एका घोड्याला धूत होता. उन्हामुळे त्याने शर्ट काढला होता. नोएलीनने त्याला आजवर हजार वेळा पाहिलं असेल, पण खोगीर छातीशी धरलेलं. आज खोगीर नव्हतं. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या, खांद्यांची हाडं कातडीखाली वर आली होती, आणि विजार कमरेला दोरीने बांधलेली. पाप्याचं पितर नुसतं. तिच्या डोळ्यांदेखत त्याने तीनदा घोड्यावरची नळी स्वतःच्या तोंडाकडे वळवली आणि घटाघटा पाणी प्यायला.

"हेलेन," तिने हळूच विचारलं, "तो घोडा असता तर?"

हेलेनने हात पुसले आणि बराच वेळ तिकडे बघितलं. "कधीपासून?"

"सप्टेंबरपासून. सात किलो. जास्तच असेल."

"खातो?"

"आधी खायचा. आता ताटात घेतो आणि कुत्र्याला घालतो."

"आणि ही तहान. घोडा असता तर मी आज रक्त काढल्याशिवाय इथून हलले नसते." तिने आवाज खाली आणला. "घाबरू नकोस उगाच. माणूस कशानेही वाळतो. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करायला लागली, रक्तात साखर वाढली, आतडं अन्न शोषेनासं झालं, छातीचा जुना रोग असला. नुसतं मन बसलं तरी माणूस वाळतो. यातलं बरंचसं गोळ्यांनी बरं होतं. पण त्यासाठी कुणीतरी बघायला हवं ना आधी? मी बघून चालत नाही. मला चारच पायांचा परवाना आहे."

नोएलीन पोती तशीच ट्रकमध्ये ठेवून थोडा वेळ स्टिअरिंगवर हात टेकून बसली. घोडीचे वीस किलो उतरले तर डॉक्टर आली, रागावली, रक्त घेऊन गेली. माणसाचे सात उतरले तर गावाने थापा मारल्या. आणि तो आकडा दर पंधरा दिवसांनी गावाला मोठ्याने वाचून कोण दाखवत होतं? तीच. तिला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ती त्याच्या खोलीवर गेली. ऊन अजून पत्र्यावर होतं. डार्सी खाटेच्या कडेला पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसला होता. शेजारी पाण्याचा जग. पायाशी त्याची म्हातारी कुत्री, या उन्हाळ्यात भलतीच गुटगुटीत झालेली.

"असा का बसलायस?"

"पाठ. वाकून बसलं की बरं वाटतं. ती जुनी आहे, बर्डीगलच्या रेसकोर्सवर कुंपणावर पडलो होतो तेव्हाची."

"ती पाठ दुखायची तेव्हा तू ताठ बसायचास, डार्सी. वीस वर्षं बघतेय मी."

त्याने उशी आणखी घट्ट धरली.

"उद्या तू डॉक्टरकडे जाणार आहेस."

"हेलेनकडे? चालेल. पण दात बघायचे म्हणाली तर काय दाखवू? खालचे दोनच उरलेत."

"चेष्टा पुरे."

"बरं, पुरे." त्याने उशी बाजूला केली. "मग ऐक. एकतीस वर्षं मी भुकेला उठलो आणि भुकेला झोपलो. लोकांच्या लग्नांत मी बर्फ चघळत बसलोय, नोएलीन. बाप गेला त्या दिवशी सगळे जेवत होते नि मी टबात बसलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी शर्यत होती. आणि आता भूकच गेली. सुटलो. तुला नाही कळायचं केवढी सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं. आणि विन्सने करविला कपच्या शर्यतीसाठी सॉल्टबुश घोडा दिलाय मला. चौपन्न किलो. मला! आत्ता डॉक्टरकडे गेलो की तो कागदावर सही करेपर्यंत कुणी घोड्यावर बसू देणार नाही. कप पाच आठवड्यांवर आहे."

"मी शर्यतीच्या स्टुअर्डना सांगेन. ते तुला घोड्यावर बसूच देणार नाहीत."

"सांग," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तू सांगणारच. तेव्हाही सांगितलंस."

अकरा वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं.

अकरा वर्षांपूर्वीही करविला कपच होता आणि चौपन्न किलोचाच घोडा. डार्सीने महिनाभर जवळजवळ काही खाल्लं नव्हतं. काट्यावर चढला तेव्हा ओठ फाटलेले, पाय लटपटत होते. अर्ध्या किलोची सूट होती. साडेचौपन्नपर्यंत चाललं असतं. काटा पाच आणि सहाच्या मध्ये थरथरत राहिला. तो तिच्याकडे बघत होता, ती काट्याकडे. "चौपन्न पूर्णांक सहा," ती म्हणाली. घोडा दुसऱ्याला मिळाला आणि चार घोड्यांच्या लांबीने पुढे राहून जिंकला. पुढच्या रविवारी डार्सी नेहमीसारखा चहाला आला, त्यावर एक अक्षर बोलला नाही. त्या शंभर ग्रॅमचं काय झालं, काटा खरंच सहावर होता का, हे तिने स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की आता तिला तो काटा नीट आठवतही नव्हता.

"कपचा दिवस शनिवार," डार्सी म्हणाला. "त्याच्या पाठच्या सोमवारी सकाळी तूच गाडी घेऊन ये आणि मला डॉक्टरच्या दारात उतरव. शब्द देतो. पाच आठवड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

नाकासमोर चालणारी नोएलीन त्या संध्याकाळी वाकली. "सोमवारी," ती म्हणाली. "एक दिवस पुढे नाही." आणि घरी जाताना तिला बरंही वाटलं, काहीतरी फेडल्यासारखं. त्या बरं वाटण्याची तिला पुढे फार भारी किंमत मोजावी लागली.

कपच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. दोनशे किलोमीटरवरून माणसं आली होती, बायकांच्या टोप्या वाऱ्यावर उडत होत्या. वजनखोलीत मात्र नेहमीसारखी शांतता आणि पॉलिशचा वास. खोलीची एकुलती खिडकी मैदानाच्या उलट बाजूला होती. सव्वीस वर्षांत नोएलीनने एकही शर्यत पाहिली नव्हती. ऐकल्या होत्या सगळ्या, भोंग्यावरून.

"काट्यावर या, मिस्टर क्वेड."

तो आला. गालाची हाडं वर आली होती, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळट छटा होती, पण रेशमी सदरा कडक इस्त्रीचा. शिसं फक्त पाच पट्ट्या, म्हणजे किलोभरच. तिने मनात हिशेब केला होता त्यापेक्षा फारच कमी. काटा चौपन्नवर स्थिर झाला. म्हणजे पंधरा दिवसांत वजन वाढलं? क्षणभर तिला आनंद झाला. मग तिने त्याच्या पोटाकडे पाहिलं. पट्ट्याच्या वर ते गच्च फुगलेलं होतं.

"किती पाणी प्यालास?" नियम विसरून तिने पुटपुटत विचारलं.

"तहान लागली होती, मॅडम." तो हसला. "विन्स म्हणतो, शिसं मेलेलं ओझं, घोड्याला जड जातं. जिवंत ओझं बरं."

खरं कारण ते नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शिशाची रास तिने बघू नये म्हणून त्याने पाण्याने पोट भरलं होतं. तिने मान हलवली आणि तो बाहेर गेला.

शर्यत तिने उभ्याने ऐकली. सॉल्टबुश मधल्या घोळक्यात, सॉल्टबुश कुंपणाशी अडकलेला, मग कुणीतरी बाहेर सरकलं आणि एवढीशी फट मिळाली. त्या फटीत डार्सीने घोडा घातला. भोंग्यावरचा माणूस किंचाळायला लागला, बाहेर गर्दीचा आवाज पत्रे हलवून गेला, आणि त्यात तिला नाव ऐकू आलं: क्वेड, घोड्याच्या एका मानेएवढ्या अंतराने पहिला. नोएलीन खुर्चीत बसली आणि तिने चष्मा काढून डोळे पुसले.

दार उघडं होतं. लांबून तो येताना दिसला, खोगीर हातात, भोवती टाळ्यांचा कडकडाट. आणि कठड्यापाशी थांबून, एका हाताने खांब धरून, तो ओकला. नुसतं पाणी. किती तरी वेळ पाणीच. लोक मागे सरले. विन्स धावला आणि दोन पावलांवर थबकला. वजन होईपर्यंत स्वाराला किंवा त्याच्या खोगिराला कुणी हात लावायचा नाही, हा नियम तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. डार्सीने तोंड पुसलं, खोगीर पुन्हा छातीशी घेतलं आणि एक-एक पाऊल टाकत तेवढं अंतर चालत आला. नोएलीन दारात उभी राहून बघत राहिली. तिचे हात पुढे झाले होते, ते तिने मागे घेतले.

"काट्यावर या, मिस्टर क्वेड."

पायरी चार बोटांची. ती चढायला त्याला दोन प्रयत्न लागले. काटा डुलला आणि थांबला. या वेळी तो थरथरला नाही. त्रेपन्न पूर्णांक एक. अर्ध्या किलोपर्यंत घट चालते, साडेत्रेपन्न. त्याखाली घोडा बाद.

स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचा पंच, दाराशी कुणाशी तरी हात मिळवत होता, पाठ आत. विन्स बाहेर. तबकडीसमोर फक्त ती होती आणि आजवर तिच्या आकड्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

"त्रेपन्न पूर्णांक पाच," नोएलीन म्हणाली.

डार्सी तबकडीकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. एकतीस वर्षं वजन केलेल्या माणसाला आपलं वजन काट्याला विचारावं लागत नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "नीट वाचा."

"वाचलं मी."

"नोएलीन." त्या खोलीत तिला त्याने नावाने हाक मारली ती पहिली आणि शेवटची. "तेव्हा तू खरं वाचलं होतंस. अकरा वर्षं मी त्यावरच काढली. एकदा जरी वाटलं असतं ना, की ही बाई माणूस बघून काटा वाचते, तर झोप नसती लागली मला. नीट वाच."

स्टुअर्ड वळून आत बघायला लागला होता.

"त्रेपन्न पूर्णांक एक," नोएलीन म्हणाली. आवाज फुटला, पण आकडा स्पष्ट आला. "चारशे ग्रॅमने खाली."

कप दुसऱ्या नंबरच्या घोड्याला गेला. बाहेर लोक आधी ओरडले, मग काय झालं ते कळल्यावर गप्प झाले. डार्सी फळीवरून उतरला. आता हात लावायला हरकत नव्हती. नोएलीनने त्याच्या हातातलं खोगीर घेतलं, दुसऱ्या हाताने त्याला दंडाला धरलं. दंडाभोवती तिची बोटं पूर्ण वळली आणि एकमेकांना टेकली.

सोमवारची वाट तिने बघितली नाही. तिथूनच, रेशमी सदऱ्यातच, त्याला घेऊन गेली.

साखर चारशेच्या वर निघाली. मग मोठ्या गावातल्या दवाखान्यात पोटाचे फोटो झाले. स्वादुपिंडात गाठ होती आणि तिची पिल्लं यकृतापर्यंत पोचली होती. पाठ, तहान, गेलेली भूक, डोळ्यांतला पिवळेपणा, सगळं त्या एकाच गाठीचं. तरुण डॉक्टरने हे शांतपणे, कागदावर चित्र काढून समजावलं. नोएलीनने व्हरांड्यात त्याला गाठलं.

"पाच आठवडे आधी आणलं असतं तर?"

"फरक पडला नसता," तो लगेच म्हणाला. "हा रोग दिसतो तोवर बहुतेक वेळा उशीरच झालेला असतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

फार लगेच म्हणाला. काटा वाचण्यात आयुष्य गेलेल्या बाईला तेवढं कळतं. आपल्यासाठी यानेही आकडा थोडा सांभाळून वाचला असेल, असं तिला वाटलं, आणि त्याचा राग आला नाही. डचेस घोडी मात्र जंतांचं औषध घेऊन पंधरा दिवसांत धडधाकट झाली होती.

जूनमध्ये थंडी पडली. नोएलीन रोज सकाळी दहाला दवाखान्यात जाऊन बसे. कुत्री आता तिच्याकडे होती. रविवारी ती केक न्यायची आणि त्याच्या देखत खायची, कारण तो तसा हट्टच धरायचा. "पाप लागेल तुला," तो म्हणायचा. हे म्हणायला आता त्याला दोनदा श्वास घ्यावा लागे.

एका मंगळवारी सिस्टर मेरे चाकांची वजनाची खुर्ची ढकलत आत आली. ती फिजीची, दणकट आणि हसरी, डार्सीला एकटी उचलायची आणि दर वेळी म्हणायची, "आमच्याकडे तुझ्याएवढ्या माणसाला जेवल्याशिवाय घरी जाऊ देत नाहीत."

"थांब, सिस्टर," डार्सी म्हणाला. "माझं वजन ही वाचते. सव्वीस वर्षांचा हक्क आहे तिचा."

मेरेने नोएलीनकडे पाहिलं. नोएलीन उठली, स्वेटरची बटणं नीट लावली, आणि खुर्चीच्या मागे, जिथे आकडे उमटतात तिथे जाऊन उभी राहिली.

"काट्यावर या, मिस्टर क्वेड."

त्याला खाटेवरून खुर्चीत आणायला बराच वेळ लागला. बसल्यावर त्याने सवयीने दोन्ही हात छातीशी घेतले, खोगीर धरल्यासारखे. आकडे पळाले आणि थांबले. अडतीस पूर्णांक चार.

"बेचाळीस," नोएलीन म्हणाली.

सिस्टर मेरेने मान वर केली.

डार्सी समोरच्या भिंतीकडे बघत होता. शंभर ग्रॅमसुद्धा हाडांत कळणारा माणूस तो. नोएलीन खुर्चीची मूठ धरून त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली. नीट वाच, एवढंच तो म्हणेल, आणि मग तिला वाचावं लागेल.

"गेल्या आठवड्यात एक्केचाळीस होतं," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे वाढलं की."

"वाढलं."

"सूप अंगी लागतंय वाटतं."

"लागतंय," नोएलीन म्हणाली.

सिस्टर मेरेने तक्त्यावर लिहायचं ते लिहिलं. नोएलीन पुढे आली, त्याच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि मेरेला न बोलावता, तिने एकटीनेच त्याला उचलून खाटेवर ठेवलं.